मलेरियावर एकदाच घ्यायची गोळी : का होत नाही?

पाऊलवाट

धाकट्या भावाला मागच्या महिन्यात मलेरिया झाला. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, निघाला. तीन दिवसांचा कोर्स, सकाळ-संध्याकाळ चार-चार गोळ्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप पार उतरला, तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि शेवटच्या दोन वेळच्या गोळ्या पाकिटातच राहिल्या. अठराव्या दिवशी पुन्हा दात वाजायला लागले. डॉक्टरांनी औषध बदललं. या वेळी मी समोर बसून एकेक गोळी गिळायला लावली. आता बरा आहे.

पण ते अर्धवट पाकीट माझ्या डोक्यातून जात नाही. शिकलेला, समजूतदार माणूस, घरात विचारणारी माणसं, आणि तरी कोर्स सुटला. मग ज्या आईला चार मुलं आहेत आणि दवाखाना दिवसभराच्या वाटेवर आहे तिने काय करायचं? २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली. आफ्रिकेतल्या मृत्यूंत तीन चतुर्थांश मुलं पाच वर्षांखालची.

माझं मत सरळ आहे. नव्या औषधांच्या शोधात सगळं बळ एकाच गोष्टीवर लावावं : दवाखान्यातच, नर्सच्या समोर, एकदा पाण्याबरोबर गिळली की काम संपलं अशी गोळी. हे का होत नाहीये? इथे औषधांच्या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

रानवारा

+१. भावाला लवकर ताकद येवो.

चौकसबुवा

आता लस आली आहे ना? २०२१ मध्ये एक आणि २०२३ मध्ये दुसरी, दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. मग गोळ्यांमागे एवढं धावायचं कशाला?

नाडीपरीक्षा

चौकसबुवा, लस आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती लहान मुलांसाठी आहे, तीन-चार डोस लागतात, आणि ती सगळेच आजार टाळत नाही. लस घेतलेल्या मुलालाही ताप येऊ शकतो आणि त्या रात्री त्याला औषधच लागतं. दोन्ही हवीत.

पाऊलवाट, तुमच्या भावासारखे रुग्ण मी नेहमी पाहतो. ताप उतरला म्हणजे परजीवी (मलेरियाचे जंतू) संपले असं नसतं, हे सांगायला आम्ही डॉक्टरही कमी पडतो. एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. रुग्ण बेशुद्ध असेल, झटके येत असतील, काहीच पोटात ठरत नसेल, तर कुठलीही गोळी, जुनी असो वा नवी, उपयोगाची नाही. तिथे आर्टेसुनेट हे औषध शिरेतूनच द्यावं लागतं. तोंडाने घ्यायचं औषध हे आजार त्या टोकाला जाऊ नये म्हणून असतं.

शुभ्रा

मी काही वर्षं दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रात नर्स होते. तीन दिवसांचं पाकीट घरी देताना काय वाटतं ते सांगते.

पहिली मात्रा आमच्यासमोर द्यायची. मूल तापाने फणफणलेलं, तोंड घट्ट मिटलेलं. गोळी कुटून चमच्यात द्यायचो तर कडू. निम्मी बाहेर. उरलेली पोटात गेली तरी दहा मिनिटांत उलटी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण मात्रा पुन्हा द्यायची हा नियम, पण आईच्या हातात मोजून दिलेल्या गोळ्या. एक वाया गेली की शेवटची कमी पडणार.

दुसरी मात्रा आठ तासांनी. म्हणजे कधी कधी मध्यरात्री. घड्याळ नसलेल्या घरात आठ तास कसे मोजायचे? आणि त्या गोळीतलं ल्युमेफॅन्ट्रिन हे औषध नीट शोषलं जायला पोटात थोडं स्निग्ध काहीतरी हवं. तापातलं मूल जेवत नाही.

२००९ मध्ये पाण्यात विरघळणारी, चेरीच्या चवीची मुलांची गोळी आली. ती पहिल्यांदा हातात आली तो दिवस मला आठवतो. मुलं ती पिऊन टाकायची. रेणू तोच, औषध तेच, फक्त तोंडात जाण्यासारखं केलेलं. माझ्या मते तो मोठा शोध होता.

कडूकिराईत

शुभ्राताई, डोळ्यांसमोर उभं राहिलं सगळं.

अणुरेणू

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं गणितात आहे. मी परजीवींवर औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

जास्त आजारी माणसाच्या अंगात एकूण परजीवी एक लाख कोटींपर्यंत जाऊ शकतात. आर्टेमिसिनिन या वनस्पतीतून मिळालेल्या औषधाच्या कुळातली औषधं सगळ्यात वेगाने मारतात. परजीवीचा तांबड्या पेशीतला फेरा ४८ तासांचा असतो. त्या एका फेऱ्यात औषध असेल तर दहा हजारांतला साधारण एक उरतो. तीन दिवसांचा कोर्स दोन फेऱ्यांना गाठतो. दहा हजार गुणिले दहा हजार म्हणजे दहा कोटी पट घट. आता एक लाख कोटीला दहा कोटींनी भागा. अजून दहा हजार उरले.

आर्टेमिसिनिन काही तासांत शरीरातून निघून जातं. या उरलेल्या दहा हजारांना मारायचं काम त्याच गोळीतल्या जोडीदार औषधाचं, उदाहरणार्थ ल्युमेफॅन्ट्रिनचं. ते हळू मारतं पण दिवसचे दिवस रक्तात राहतं. तुमच्या भावाचा ताप उतरला कारण पहिल्या फेऱ्यातच बहुतेक मेले. जे उरले त्यांना पूर्ण ताकदीची दुसरी फेरी मिळाली नाही आणि जोडीदाराची मात्राही अपुरी पडली. दोन-अडीच आठवड्यांत ते पुन्हा ताप आणण्याइतके झाले. अठरावा दिवस या हिशेबात अगदी बसतो.

आता एकाच गोळीचं बघा. शेवटचा परजीवी मरेपर्यंत, म्हणजे तीन-चार फेरे, औषध रक्तात मारक पातळीच्या वर राहायला हवं. म्हणजे ते शरीरातून फार सावकाश निघणारं असावं लागतं. आणि जे सावकाश निघतं त्याला लांब शेपूट असतं. आठवड्यांनंतर रक्तात थोडंसंच औषध उरलेलं, मारायला अपुरं पण परजीवीला सवय करून द्यायला पुरेसं. तेवढ्यात नवा डास चावला तर नवा परजीवी त्या शेपटात वाढतो, आणि थोडंफार सहन करणारे निवडले जातात. औषधाला दाद न देणारा परजीवी असाच तयार होतो.

म्हणून मी तुमच्या "सगळं बळ एकाच गोष्टीवर" या मताशी सहमत नाही. एकाच मात्रेच्या हट्टापायी आपण चांगली औषधं लवकर गमावू.

पाऊलवाट

अणुरेणू, गणित समजलं आणि अंगावर काटा आला. दहा हजार उरतात हे कुणी आम्हाला साध्या शब्दांत सांगितलं असतं तर भावाने गोळ्या सोडल्या नसत्या. पण तुमचा शेवट मला पटला नाही. कोर्स अर्धवट सोडला तरीही परजीवी अर्धमेलेच राहतात ना? मग हट्ट कुणाचा महाग पडतो?

जुनी_वही

थोडं अवांतर, पण इतिहास फार सुंदर आहे म्हणून लिहितो.

सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन हे मलेरियाचं जुनं औषध वेगळं केलं १८२० मध्ये, पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघांनी. ते कारखान्यात बनवता येईल का या खटपटीत १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. पुढे रंगांनीच परतफेड केली. पाउल एर्लिख यांना दिसलं की मिथिलीन ब्लू हा रंग परजीवींना नेमका पकडतो. रंग त्यांना चिकटतो तर मारेलही, असा विचार करून त्यांनी १८९१ मध्ये दोन मलेरिया रुग्णांना तो दिला आणि ते बरे झाले. कारखान्यात तयार झालेल्या रसायनाने माणसाचा आजार बरा करण्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध १९३४ मध्ये जर्मनीत हान्स अँडरसाग यांनी बनवलं. माणसाला फार विषारी, असं म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं! महायुद्धात पुन्हा तपासल्यावर कळलं की हातात केवढं रत्न होतं. मधली दहा वर्षं गेली ती गेलीच.

रानवारा

मिथिलीन ब्लू घेतल्यावर लघवी निळी-हिरवी होते म्हणे. म्हणजे रुग्णाने औषध घेतलं की नाही हे विचारायलाच नको. पाऊलवाट, तुमच्या भावासाठी हेच बरं होतं!

पाऊलवाट

रानवारा :) त्याला वाचून दाखवलं, खूप हसला.

कातरवेळ

इथे सगळे फाल्सिपेरमबद्दल बोलताहेत. माझा व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार, होता. पहिला ताप क्लोरोक्विनने दोन दिवसांत गेला. मग प्रायमाक्विन हे दुसरं औषध १४ दिवस घ्यायला सांगितलं. "ताप नाही तरी गोळी का" हे मला कुणी समजावलं नाही, त्यात रिकाम्या पोटी घेतली की पोटात मुरडा यायचा. सहाव्या दिवशी थांबवली. दोन महिन्यांनी ताप. मग पुन्हा पाच महिन्यांनी. एकही नवा डास न चावता. प्रत्येक वेळी आठवडाभर अंथरूण, नंतर महिनाभर अशक्तपणा. तिसऱ्या वेळी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी कागदावर यकृत काढून दाखवलं, त्यात ठिपके काढले आणि म्हणाले, "हे झोपलेत. क्लोरोक्विनला हे दिसतच नाहीत." तेव्हा कुठे १४ दिवस पूर्ण केले. त्यानंतर आजतागायत नाही.

माझ्यासारख्याला एकच गोळी मिळाली असती तर आयुष्यातलं एक वर्ष वाचलं असतं. मी पाऊलवाट यांच्या बाजूने.

नाडीपरीक्षा

कातरवेळ, तुमच्यासाठीची ती गोळी आता आहे. टॅफेनोक्विन. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस लष्करी संशोधन संस्थेत हा रेणू सापडला, आणि औषध म्हणून तिथेच मान्यता मिळाली जुलै २०१८ मध्ये. चाळीस वर्षं! ३०० मिलिग्रॅमची एकच मात्रा, यकृतातल्या झोपलेल्या परजीवींसाठी. २०२२ पासून ऑस्ट्रेलियात लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी ५० मिलिग्रॅमची गोळीही मान्य झाली.

आणि नेमकं हेच औषध मला एकाच मात्रेबद्दल सावध करतं. जगात सुमारे ४० कोटी लोकांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा माणसाला प्रायमाक्विन किंवा टॅफेनोक्विन दिलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात. प्रायमाक्विन शरीरातून काही तासांत जातं. लघवी गडद झाली, दम लागला, की गोळी थांबवायची, पेशी फुटणं आवरतं. टॅफेनोक्विनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण दोन आठवडे आहे. ते एकदा गिळलं की परत घेता येत नाही. म्हणून आधी एन्झाइम मोजून, ते ७० टक्क्यांच्या वर असेल तरच द्यायचं. ही मोजणारी चाचणी जिथे पोचत नाही तिथे ती गोळीही पोचत नाही.

पाऊलवाट, रोज घ्यायच्या गोळीत विसरण्याचा धोका आहे हे खरं. पण तिच्यात थांबण्याची सोयही असते. मला ती सोय सहजासहजी सोडवत नाही.

कातरवेळ

हा विचार मी कधीच केला नव्हता. माझी ही चाचणी तेव्हा केली होती का तेही मला आठवत नाही. विचारून बघते.

रसायनी

धागा आजच वाचला. मी गोळी तयार करण्याच्या बाजूचा माणूस, म्हणजे रेणू सापडल्यानंतर आमचं काम सुरू होतं. आतापर्यंत फक्त शुभ्राताईंनी आमच्या दुखण्यावर बोट ठेवलं.

आर्टेमिसिनिनची गोष्ट सगळे सांगतात. १९६७ मध्ये चीनमध्ये मलेरियावर औषध शोधायला सुरू झालेला प्रकल्प ५२३, तू योयो या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात वाचलेली ओळ : मूठभर छिंगहाव (ही ती वनस्पती) पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळा असं कुठेच म्हटलेलं नाही. म्हणजे उष्णतेने गुण जात असणार. मग कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा अर्क उंदरांवर शंभर टक्के लागू पडला. पुढच्या वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ चं नोबेल.

पण याच गोष्टीचा पुढचा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. शुद्ध आर्टेमिसिनिनच्या गोळ्या करून हैनान बेटावर रुग्णांना दिल्या, आणि निकाल निराशाजनक! शोधाशोध केल्यावर कळलं की गोळी इतकी कडक दाबली होती की ती फुटतच नव्हती. तेच द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून दिलं, रुग्ण बरे झाले. विचार करा, त्या दिवशी कुणी "रेणूच कामाचा नाही" असं म्हणून वही मिटली असती तर?

उलटंही होतं. आर्टेफेनोमेल, म्हणजे ओझेड-४३९, हा रेणू एकाच मात्रेसाठीच घडवला होता. आर्टेमिसिनिनसारखाच परजीवीला मारणारा पेरॉक्साइड पूल (दोन ऑक्सिजन अणूंची जोडणी), पण वनस्पतीवर अवलंबून नाही, आणि शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकणारा. पाऊलवाट, तुम्ही मागता तीच गोळी. पण तो पाण्यात नीट विरघळेना. गोळी होईना, म्हणून भरपूर द्रवात कालवून प्यायला द्यावा लागे. लहान मुलांत उलट्यांचं प्रमाण बरंच. आधी पायपेराक्विन, मग फेरोक्विन ही औषधं जोडीला देऊन पाहिली. एका मात्रेत ९५ टक्के बरे व्हायला हवेत ही अट पुरी झाली नाही. त्यावर माणसांनी उमेदीची वर्षं घातली होती. मी त्या गटात नव्हतो, पण निकाल वाचला त्या दिवशी आमच्या खोलीत कुणी बोललं नाही.

त्याच कुळातला आधीचा भाऊ आर्टेरोलेन मात्र औषध झाला. पायपेराक्विनबरोबर, दिवसाला एक गोळी, तीन दिवस. मूळ प्रकल्पाला पैसा देणाऱ्यांनी २००७ मध्ये हात काढून घेतला होता, तरी भारतात काम चालू राहिलं आणि २०१२ मध्ये ते बाजारात आलं. तीन दिवस, पण दिवसाला एकदाच. मला विचाराल तर सकाळ-संध्याकाळवरून एकदाच हेही मोठं पाऊल आहे.

शुभ्रा

रसायनी, मध्यरात्रीची मात्रा गेली तरी मी तुमच्या पाया पडेन.

बांध

सगळे रसायनाबद्दल बोलताहेत, पैशाबद्दल कुणीच नाही. ज्या आजाराचा रुग्ण गरीब, त्यावर नवं औषध का काढेल कुणी? हा विज्ञानाचा प्रश्नच नाही.

अणुरेणू

बांध, प्रश्न रास्त आहे, पण "विज्ञानाचा प्रश्नच नाही" हे मान्य नाही. वरचं ओझेड-४३९ पैशाअभावी पडलं नाही.

पैशासाठीच १९९९ मध्ये जिनिव्हात मेडिसिन्स फॉर मलेरिया व्हेंचर ही ना-नफा संस्था उभी राहिली. देणगीचा आणि सरकारांचा पैसा, कंपन्यांचे रेणू, विद्यापीठांची माणसं असं एकत्र आणायचं काम ती करते. टॅफेनोक्विन आणि चेरीच्या चवीची गोळी, दोन्हींमागे तिचा हात आहे. आणि २०१० मध्ये जी घटना घडली ती मी विसरणार नाही. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आपल्या संग्रहातले जवळजवळ २० लाख रेणू परजीवीवर तपासले आणि लागू पडलेले १३,५३३ रेणू जगापुढे खुले ठेवले, रचनांसकट. आमच्यासारख्या छोट्या प्रयोगशाळेला हे म्हणजे बंद वाड्याची किल्ली मिळाल्यासारखं होतं. पुढे ४०० रेणूंचा एक संच मागेल त्या प्रयोगशाळेला फुकट मिळू लागला. आमचाही डबा आला. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे होतो.

हे सगळं शक्य झालं त्याचं मूळ १९७६ मध्ये आहे. ट्रेगर आणि जेन्सन यांनी फाल्सिपेरम माणसाच्या रक्तात, काचेच्या भांड्यात, सतत वाढवून दाखवला. मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत! मेणबत्ती विझेपर्यंत प्राणवायू हवा तितका कमी होतो. त्याआधी एकेक रेणू प्राण्यांवर तपासावा लागायचा. व्हायवॅक्सला मात्र असं सतत वाढवणं अजून जमलेलं नाही. कातरवेळ, तुमच्या झोपलेल्या परजीवींवर औषधं इतकी कमी का, त्याचं हे एक मोठं कारण.

कडूकिराईत

२० लाखांतून १३ हजार लागू पडले, तर मग औषधं इतकी थोडी का?

अणुरेणू

भांड्यात मारणं सोपं, कडूकिराईत. पुढची चाळणी बघा. पोटातल्या आम्लात टिकतो का? आतड्यातून रक्तात जातो का? यकृत त्याला तासाभरात मोडून टाकतं का? हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम? परजीवी त्याला किती लवकर चकवतो? ॲटोव्हाक्वोन या औषधाला जनुकातल्या एका जागच्या एका बदलाने परजीवी चकवतो, म्हणून ते एकटं कधीच देत नाहीत, प्रोग्वानिलबरोबरच देतात. स्कॉटलंडमधल्या डंडीत सापडलेलं कॅबामिक्विन परजीवीचं प्रथिनं बनवणंच बंद पाडतं, पण स्वयंसेवकांवरच्या चाचणीत कमी मात्रेवर काहींच्या अंगात बदललेले परजीवी उगवले. त्यालाही आता जोडीदार दिलाय, पायरोनारिडिन.

आणि एक चाळणी अशी की तिथे मन फार दुखतं. केपटाउनच्या केली चिबाले यांच्या गटाने एमएमव्ही-०४८ हा रेणू शोधला. माणसावरच्या चाचणीपर्यंत पोचलेला आफ्रिकेतल्या गटाचा पहिला मलेरिया-रेणू, २०१४ मध्ये. यकृतातल्या, रक्तातल्या, डासाकडे जाणाऱ्या, सगळ्या अवस्थांवर काम करणारा, एका मात्रेची आशा दाखवणारा. प्राण्यांवरच्या चाचण्यांत गर्भाला इजा दिसली आणि थांबवावं लागलं.

बांध

हे मला पटत नाही. पुरुषांना आणि मुलांना द्यायचं होतं की. लाखो जीव वाचले असते.

शुभ्रा

बांध, केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपण गरोदर आहोत हे बऱ्याचदा तिलाच माहीत नसतं. पहिल्या काही आठवड्यांत कसं कळणार? आणि घरात एकाला दिलेली गोळी दुसऱ्याच्या तापाला दिली जाते. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी थांबवलं ते बरोबर केलं. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन, म्हणजे तीच तीन दिवसांच्या पाकिटातली जोडगोळी, द्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अखेरीस शिफारस केली. तोवर तिच्यासाठी क्विनाइनच होतं, सात दिवस, कान गुंजत राहायचे तिचे. तिला पुन्हा रांगेच्या बाहेर ठेवू नका.

बांध

शुभ्राताई, मी हा विचार केला नव्हता. मागे घेतो.

जुनी_वही

जुनी औषधं पुन्हा नाही का वापरता येणार? मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केलं. तेव्हा ते निम्म्याहून जास्त मुलांत निकामी ठरत होतं. बारा-तेरा वर्षांनी तिथे पुन्हा तपासलं तर ९९ टक्के मुलं बरी झाली. परजीवी ते औषध विसरला होता.

अणुरेणू

कारण त्या बदलाची परजीवीलाही किंमत मोजावी लागते. क्लोरोक्विन नसताना न बदललेला परजीवी जोमाने वाढतो आणि बदललेल्याला मागे टाकतो. पण औषध पुन्हा सरसकट सुरू केलं की शेजारून बदललेले येणारच. म्हणून नवे रेणू लागतात, नव्या जागी घाव घालणारे. आर्टेमिसिनिनलाही आता सावकाश दाद देणारे परजीवी आधी कंबोडियाच्या पश्चिमेला आणि नंतर रवांडा, युगांडा, इरिट्रियात दिसले आहेत. केल्च-१३ या जनुकातल्या बदलांवरून ते ओळखतात. म्हणून मला घाई आहे, पाऊलवाट. माझा विरोध एकाच मात्रेला नाही, वाट बघण्याला आहे.

पाऊलवाट

मग आत्ता, तयार होण्याच्या जवळ, काय आहे?

रसायनी

गॅनाप्लॅसाइड. नोव्हार्टिसने २३ लाख रेणू चाळून काढलेला, अगदी नव्या कुळातला. जोडीला ल्युमेफॅन्ट्रिनच, पण नव्या घडणीचं. ते रक्तात अधिक चांगलं जावं आणि दिवसातून एकदाच पुरावं म्हणून द्रव्याचे कण वेगळ्या पद्धतीने बांधलेत. माझ्या दृष्टीने निम्मं यश त्या घडणीत आहे. शेवटच्या टप्प्याची चाचणी आफ्रिकेतल्या १२ देशांत १,६८८ मोठ्या माणसांवर आणि मुलांवर झाली. निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले : बरे होण्याचं प्रमाण ९७.४ टक्के, सध्याच्या औषधाचं ९४.०. डासाकडे जाणाऱ्या अवस्थाही मारतं, आणि केल्च-१३ बदललेल्या परजीवींवरही चालतं. दाण्यांची पुडी, दिवसातून एकदा, तीन दिवस.

कातरवेळ

तीन दिवसच शेवटी!

नाडीपरीक्षा

हो, पण मध्यरात्र गेली. आणि कातरवेळ, एक मात्रा आम्ही आजही देतो बरं का. फाल्सिपेरमच्या कोर्सबरोबर प्रायमाक्विनची एक छोटी मात्रा. रुग्णाला तिचा काहीच फायदा नसतो. त्याच्या रक्तातून डासाकडे जाणारे परजीवी मरतात, म्हणजे शेजारच्याचा ताप टळतो. तेवढ्या कमी मात्रेला जी-६-पीडी तपासावं लागत नाही. शेजाऱ्यासाठी गिळायची गोळी, असं सांगितलं की लोक आनंदाने घेतात.

शुभ्रा

रसायनी, त्या दाण्यांची चव कशी आहे? आणि अगदी तान्ह्यांचं काय? पाच किलोच्या आतली बाळं आम्ही मोठ्या मुलांचीच गोळी तोडून, अंदाजाने सांभाळायचो. फार भीती वाटायची.

रसायनी

चव मी घेतलेली नाही, त्यामुळे सांगत नाही. तान्ह्यांचं सांगतो. दोन ते पाच किलोच्या बाळांसाठी वेगळ्या प्रमाणातलं आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन स्वित्झर्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये मान्य झालं. इतक्या लहान बाळाचं यकृत औषध वेगळ्या गतीने मोडतं, म्हणून नुसती अर्धी गोळी चालत नाही, दोन द्रव्यांचं प्रमाणच बदलावं लागलं. पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते.

शुभ्रा

आईच्या दुधात. वा.

पाऊलवाट

चार दिवस सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. माझं "सगळं बळ एकाच गोष्टीवर" मी मागे घेते. तीन दिवस, दिवसाला एक पुडी, वांती न करणारी, हे मला आता पुष्कळ वाटतं. एका मात्रेची आशा मात्र सोडत नाही. त्या शेपटावर काहीतरी उपाय निघेल, दोन लांब टिकणारी औषधं अशी निवडून की एकाचं शेपूट दुसऱ्याने सांभाळावं. अणुरेणू, हे अशक्य आहे का?

अणुरेणू

अशक्य नाही. दोघांची शेपटं सारख्या लांबीची हवीत आणि दोघांचे घाव वेगवेगळ्या जागी. नाहीतर एक आधी संपतं आणि दुसरं एकटं उरतं. अशा जोड्या जुळवण्याचं काम चालू आहे, आम्हीही त्यातच आहोत. फार कमी रेणूंची लांबी जुळते.

पाऊलवाट

भावाला धागा दिला होता. दहा हजारांच्या हिशेबाशी तो बराच वेळ थांबला. त्याने आपणहून दुसऱ्या कोर्सची तारीख काढून दिवस मोजले. येत्या गुरुवारी २८ वा दिवस आहे. रक्त तपासायला जाणार आहे, मी बरोबर जातेय. रिपोर्ट आला की इथे लिहीन.